आच, पेंड आणि ४६ टक्के

मंडळी, गेले दोन वीकेंड लिहायला बसलोच नाही. एक रिलीज होतं. (आयटीवाल्यांना याहून जास्त सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. :-) ) त्याची भरपाई म्हणून आज जरा मोठं लिहितोय, आणि विषय आहे कोंबड्यांचं खाद्य. हसू नका. शेवटपर्यंत वाचा आणि मग हसा.

माझ्या मामांची विट्याजवळ पोल्ट्री आहे, अंड्यांची. पाचेक हजार पक्षी. गेल्या दिवाळीनंतर एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"आरं, तू इंजिनीअर ना? मग सांग बघू. फॉर्म्युला त्योच, पानी त्येच, लसी येळच्या येळंला. डॉक्टर म्हनतो रोग न्हाई. मग अंडी कमी का पडत्यात? आन् पडत्यात ती बी बारकी."

"मामा, मी सॉफ्टवेअरवाला आहे हो."

"मग त्यातला बग शोध की."

आता यावर काय बोलणार? विचारत गेलो, तेव्हा कळलं की एकच गोष्ट बदलली होती. सोयाबीनची पेंड, म्हणजे डीओसी, नव्या ठिकाणाहून घेतली होती. किलोमागे थोडी स्वस्त, रंगाने थोडी काळपट. मामांनी लॅबमधून तपासून घेतली. प्रोटीन ४६ टक्के, अगदी ठरल्याप्रमाणे. पेंडवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "जे ठरलं ते दिलं, कागद बघा." आणि कागद बरोबरच होता.

हे ऐकून मला आमच्या प्रोडक्शन सर्व्हरची आठवण झाली. मॉनिटरिंगच्या स्क्रीनवर सगळं हिरवंगार, आणि फोनवर गिऱ्हाईक ओरडतंय की काहीच चालत नाही. अशा वेळी बहुतेकदा दोघंही खरं बोलत असतात. आपण मोजतोय ते वेगळं आणि बिघडलंय ते वेगळं, एवढंच. मग म्हटलं, हा ४६ चा आकडा नक्की काय मोजतो ते तरी बघू. तिथून जो वाचत सुटलो तो थेट १८८३ पर्यंत मागे गेलो.

१८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत (हो, तेच बिअरवाले) योहान केल्डाल नावाचा रसायनतज्ज्ञ काम करत होता. आपल्याकडे बरेच जण त्याला 'जेल्डाल' म्हणतात. त्याचा प्रश्न साधा होता, धान्यात प्रोटीन किती आहे हे पटकन कसं मोजायचं? बिअरच्या धंद्यात ते कळणं महत्त्वाचं. त्याने युक्ती काढली ती अशी: नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा. सगळं विरघळून जातं आणि प्रोटीनमधला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात उरतो. तो अमोनिया मोजायचा. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं. झालं प्रोटीन!

त्याआधी १८६० च्या दशकात जर्मनीत गटिंगनजवळच्या वेंडे इथे हेनेबर्ग आणि स्टोमान यांनी जनावरांच्या खाद्याचं पृथक्करण करायची एक पद्धत बसवली होती. ओलावा, राख, स्निग्धांश, तंतू, प्रोटीन. आजही खाद्याच्या गोणीवर जो तक्ता छापलेला असतो, त्याचा सांगाडा हाच. त्यात प्रोटीनच्या रकान्यात केल्डालचा आकडा बसला आणि त्याला नाव मिळालं 'क्रूड प्रोटीन'. नावातच प्रामाणिकपणा आहे बघा. क्रूड म्हणजे ओबडधोबड. पण रोज वापरून वापरून ते विशेषण ऐकू येईनासं झालं आणि फक्त 'प्रोटीन' उरलं.

म्हणजे आपल्या ४६ टक्क्यांचा खरा अर्थ एवढाच, की या पेंडीत इतका नायट्रोजन आहे. तो कोंबडीला पचेल का, याबद्दल त्या आकड्यात एक अक्षरही नाही. पेंड कच्ची असो, नीट भाजलेली असो की जळालेली असो, नायट्रोजन जवळजवळ तेवढाच राहतो. आणि आपली सगळी गोष्ट या 'आच किती' मध्येच आहे.

प्रोटीन आणि प्रोटीन सारखं नसतं, हे ठामपणे दाखवलं ते अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या थॉमस ऑस्बर्न आणि लाफाएत मेंडेल या जोडीने. १९१४ च्या सुमाराला त्यांनी उंदरांना एकेकच प्रोटीन खायला घालून बघितलं. मक्यातल्या झीन नावाच्या प्रोटीनवर उंदीर वाढेनात, उलट खंगले, कारण त्यात लायसीन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन अमिनो आम्लं नाहीत. ती वरून घातली आणि उंदीर वाढू लागले. शरीराला काही अमिनो आम्लं स्वतः बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. घर बांधायला वाळू आणि विटा ढीगभर आहेत, पण सिमेंटच्या दहाच गोण्या आहेत, तर भिंत दहा गोण्यांइतकीच उठणार. लायसीन हे बऱ्याचदा असं सिमेंट असतं. आणि मक्यात ते कमी असल्यामुळेच कोंबडीच्या खाद्यात मक्याबरोबर सोयाबीनची पेंड घालतात.

याच जोडीने १९१७ मध्ये सोयाबीनवर प्रयोग केला आणि तिथे एक कोडं पडलं. कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढेनात. तेच सोयाबीन शिजवून दिलं तर मस्त वाढले. अमिनो आम्लं तीच, नायट्रोजन तोच, फरक फक्त आचेचा. (आपल्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं. कडधान्य शिजवून खायचं हे त्यांना कुठल्याही उंदराने शिकवलं नव्हतं.) पण का, हे ऑस्बर्न आणि मेंडेल यांना उलगडलं नाही.

तेव्हा हा प्रश्न पुस्तकी होता. पुढे तो धंद्याचा झाला. १९२२ मध्ये इलिनॉयमधल्या डिकेटर इथे स्टेली कंपनीने सोयाबीन गाळायला सुरुवात केली, आणि १९३० च्या दशकात अमेरिकेत तेलाबरोबर पेंडीचे ढीग पडायला लागले. कुणाची पेंड चांगली लागे, कुणाची वाईट. १९३६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात हेवर्ड, स्टीनबॉक आणि बोस्टेट या तिघांनी वेगवेगळ्या तापमानाला काढलेल्या पेंडी तपासल्या. (यातला स्टीनबॉक म्हणजे अतिनील किरणांनी अन्नातलं व्हिटॅमिन डी वाढवणारा.) कमी आचेवरची पेंड कच्च्या सोयाबीनसारखीच हलकी निघाली, चांगली तापलेली पेंड सरस. म्हणजे तेल काढताना लागणारी उष्णता हा पेंडीच्या दर्जाचाच भाग होता, आणि गोणीवर त्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

खरा गुन्हेगार १९४४-४५ मध्ये सापडला. कच्च्या सोयाबीनमध्ये असा एक पदार्थ असतो जो ट्रिप्सिनला, म्हणजे प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमला, कुलूप घालतो. १९४५ मध्ये रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या प्रिन्स्टनमधल्या प्रयोगशाळेत मोझेस कुनिट्झने त्याचे शुद्ध स्फटिक मिळवले. गंमत म्हणजे हा ट्रिप्सिन इनहिबिटर स्वतःही एक प्रोटीनच आहे. म्हणजे केल्डालच्या मोजणीत पचन बंद पाडणारा हा पदार्थसुद्धा 'प्रोटीन' म्हणून मोजला जातो. चोराची हजेरी पोलिसांच्या रजिस्टरमध्ये लावल्यासारखं!

नुकसान दुहेरी होतं. ट्रिप्सिन अडकलं की स्वादुपिंड आणखी बनवतं, तेही अडकतं, आणखी बनवतं. (आयटीवाल्यांनो, इन्फिनिट लूप.) कच्चं सोयाबीन खाल्लेल्या पिलांचं स्वादुपिंड सुजून मोठं होतं. आणि ट्रिप्सिन बनवायला गंधक असलेली अमिनो आम्लं लागतात, जी सोयाबीनमध्ये आधीच कमी. म्हणजे कोंबडी स्वतःच्या अंगातलं खर्च करून पचवायचा प्रयत्न करते आणि ते विष्ठेतून वाया जातं. सगळा दोष या एकट्याचा नाही, लेक्टिन वगैरे इतरही भानगडी असतात. पण बहुतेकांवर उपाय एकच, ओली उष्णता. वाफेवर, १०० अंशांच्या थोडं वर, काही मिनिटं. आजच्या कारखान्यात हेक्झेनने तेल काढलं की पेंडीतलं हेक्झेन उडवायला वाफ देतात, आणि त्याच भांड्यात पेंड भाजूनही निघते.

मग पुढचा प्रश्न. पेंड पुरेशी भाजली का, हे कारखान्यात बसून कसं ओळखायचं? दर गाडीमागे उंदीर पाळणार का? १९४४ मध्येच कॅस्की आणि नॅप यांनी सोपा रस्ता सुचवला. सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं एन्झाइम असतं, ते युरियापासून अमोनिया बनवतं. कोंबडीला त्याच्याशी फारसं देणंघेणं नाही, पण ते साधारण ट्रिप्सिन इनहिबिटरच्याच वेगाने उष्णतेने मरतं. तेव्हा पेंड युरियाच्या द्रावणात टाका आणि पीएच किती चढतो ते बघा. फार चढला तर पेंड कच्ची. ०.०५ ते ०.२० च्या दरम्यान चढला तर ठीक. स्वस्त, पटकन, आणि जगभर अजून वापरतात. (पीएच ही मोजपट्टी १९०९ मध्ये दिली सोरेनसेनने. तोही कार्ल्सबर्गचाच, केल्डालच्याच खुर्चीवर बसलेला. बिअरचे आपल्यावर किती उपकार आहेत ते मोजत बसलो तर आणखी एक लेख होईल.)

पण इथे एक मोठी गोम आहे. ही चाचणी एका बाजूनेच बघते. युरिएज मेलं की मेलं. त्यानंतर पेंड अर्धा तास जास्त भाजली काय आणि कोळसा केली काय, उत्तर शून्यच येणार. आता कारखान्याच्या मॅनेजरच्या जागी बसून बघा. गिऱ्हाईक कच्ची पेंड पकडू शकतं, जळकी पकडू शकत नाही. मग तुम्ही आच कुठे ठेवाल? थोडी जास्तच ना! टेस्ट जशी, तसं कोड लिहिलं जातं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

जास्त आचेने नक्की काय होतं, याचं उत्तर आपण सगळे रोज चवीने खातो. साताऱ्याचा कंदी पेढा आठवा. खवा परतून परतून तो तपकिरी रंग आणि खमंग वास येतो तो कुठून? दुधातली साखर आणि दुधातलं प्रोटीन एकमेकांना चिकटतात त्यातून. १९१२ मध्ये फ्रान्समध्ये लुई कामीय मायारने साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापवून ही क्रिया मांडली, म्हणून तिला मायार क्रिया (इंग्रजी उच्चाराने मेलार्ड) म्हणतात. यात सगळ्यात जास्त बळी जातो तो लायसीनचा. बाकीची बहुतेक अमिनो आम्लं प्रोटीनच्या साखळीत हात बांधून बसलेली असतात, पण लायसीनचा एक जादाचा हात साखळीबाहेर मोकळा असतो. साखर नेमका तोच पकडते. मग ते लायसीन कोंबडीच्या उपयोगाचं राहत नाही. पेढ्यात आपल्याला हे हवंच असतं, कारण आपण प्रोटीनसाठी पेढा खात नाही. कोंबडी मात्र पेंड प्रोटीनसाठीच खाते.

आणि आता कथेतला सगळ्यात बेरकी भाग. केल्डालला हे दिसत नाही, कारण नायट्रोजन तिथेच आहे. बरं, मग सरळ लायसीनच मोजू असं म्हणाल, तर तेही फसवतं! लायसीन मोजायला आधी प्रोटीन आम्लात उकळून तोडावं लागतं, आणि त्या उकळण्यात साखरेने पकडलेल्या लायसीनचा काही भाग पुन्हा सुटतो. प्रयोगशाळेच्या काचपात्रात सुटतो, कोंबडीच्या पोटात सुटत नाही. म्हणजे मोजायच्या कृतीनेच पुरावा पुसला जातो.

यावर तोडगा काढला केनेथ कारपेंटरने. १९५० च्या दशकात हा माणूस आधी स्कॉटलंडच्या रोवेट इन्स्टिट्यूटमध्ये आणि मग केंब्रिजमध्ये मासळीच्या आणि मांसाच्या भुकटीवर काम करत होता. त्याच केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगरने १९४५ मध्ये इन्सुलिनची रचना शोधताना एक रसायन वापरलं होतं, जे मोकळ्या अमिनो हातांना पिवळी खूण लावतं. (सँगरला त्या कामासाठी १९५८ चं नोबेल मिळालं.) कारपेंटरने तेच हत्यार खाद्याकडे वळवलं. आधी खूण लावायची, मग उकळायचं. ज्याचा हात मोकळा त्यालाच पिवळी खूण. उकळताना नंतर कुणी सुटलं तरी त्याच्या हातावर खूण नसते, त्यामुळे ते मोजलं जात नाही. १९६० मध्ये त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली आणि 'असलेलं लायसीन' आणि 'मिळणारं लायसीन' हे दोन वेगळे आकडे झाले. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली ही सर्वात सुंदर चाल. सिस्टीम पाडायच्या आधी लॉग लिहून ठेवायचा, एवढंच. पण ते सुचायला लागतं.

मासळीच्या बाबतीत तर जास्त आच नुसतं पोषण कमी करून थांबत नाही. १९८३ मध्ये जपानी संशोधकांनी जास्त तापवलेल्या मासळीच्या भुकटीतून गिझेरोसीन नावाचा पदार्थ वेगळा केला. तो लायसीन आणि हिस्टामिन तापून तयार होतो आणि पिलांच्या पोटात अक्षरशः जखमा करतो.

पण कारपेंटरची पद्धत वेळखाऊ होती, आणि धान्य-पेंडीसारख्या पिष्टमय खाद्यात तिला अडचणी येत. सोयाबीनसाठी सोपी चाचणी १९९० मध्ये जॉर्जिया विद्यापीठातल्या अराबा आणि डेल यांनी मांडली. पेंड पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या अगदी पातळ, ०.२ टक्के द्रावणात ढवळायची आणि किती प्रोटीन विरघळतं ते बघायचं. जास्त भाजलेलं प्रोटीन आपसांत गुंतून बसतं, विरघळत नाही. साधारण ७० ते ८५ टक्के विरघळलं तर पेंड बरी. त्याखाली गेलं तर समजा आच जास्त झाली. धंद्यात हिला केओएच टेस्ट म्हणतात. युरिएजला न दिसणारी बाजू हिला दिसते. दोन्ही मिळून कुठे चित्र पूर्ण होतं.

गाई-म्हशींचं गणित मात्र वेगळं. त्यांच्या पोटात आधी जिवाणूंचा कारखाना असतो आणि तो प्रोटीन मधल्यामध्ये फोडून टाकतो. तिथे बेताने भाजलेली पेंड फायद्याची, कारण तिचं प्रोटीन जिवाणूंच्या तावडीतून सुटून पुढे आतड्यात पोचतं. याला बायपास प्रोटीन म्हणतात. पण तिथेही मर्यादा आहेच. मुरघास नीट दाबला नाही, आत हवा राहून तापला, की तपकिरी होतो आणि त्याला तंबाखूसारखा गोडसर वास येतो. गंमत अशी, की जनावरं तो आवडीने खातात. वास खमंग, पण प्रोटीन पचत नाही. त्याच मायारची करामत.

या सगळ्यात माझ्या डोक्यात राहिली ती एकच गोष्ट. प्रत्येक नवी चाचणी आली ती आधीच्या चाचणीला न दिसणारं दाखवायला. आणि तरीही व्यवहार अजून सगळ्यात जुन्या, सगळ्यात सोप्या आकड्यावरच चालतो. आकडा सोपा असला की सौदा त्याच्यावर होतो, आणि सौदा त्याच्यावर झाला की माल त्या आकड्यासाठी बनतो. याचं सगळ्यात भयंकर टोक २००८ मध्ये चीनमध्ये दिसलं. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं, कारण त्यात वजनाच्या दोनतृतीयांश नायट्रोजन असतो आणि तपासणीत तो प्रोटीन म्हणून मोजला जातो. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. त्याच्या आदल्याच वर्षी, २००७ मध्ये, अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात हेच सापडलं होतं. काळी पेंड विकणारा माणूस असा गुन्हेगार नाही, हे मला माहीत आहे. त्याने काही मिसळलं नव्हतं. पण दोघांनाही पांघरूण मिळालं ते एकाच आकड्याचं.

असो. मामांना मी केओएच टेस्ट करून घ्यायला सांगितली. आकडा साठीच्या घरात आला. म्हणजे पेंड करपलेली होती. त्यांनी पेंड बदलली, मधल्या काळात खाद्यात वरून लायसीन वाढवलं, आणि हळूहळू अंडी सुधारली. पण अंड्यांवरच्या पक्ष्याचा प्रत्येक आठवडा मोजलेला असतो, गेलेला आठवडा परत येत नाही. त्या दोन महिन्यांचं नुकसान मामांच्या अंगावरच पडलं आणि बँकेचा हप्ता थकला तो थकलाच. पेंडवाल्याशी भांडून उपयोग नव्हता. कागदावर ४६ होतं, आणि ४६ च ठरलं होतं.

आता मामा पेंड घेताना तीन आकडे मागतात. प्रोटीन, युरिएज आणि केओएच. गेल्या महिन्यात गेलो होतो, तर नव्या गाडीतली मूठभर पेंड हातात घेऊन नाकाशी धरून उभे होते. म्हटलं, "मामा, रिपोर्ट आलाय ना, मग वास कशाला घेताय?"

"माझा बाप म्हशींची पेंड आशीच बघायचा," ते म्हणाले. "करपली की परत पाठवायचा. त्या येळंला मला वाटायचं, म्हाताऱ्याला प्रोटीनमधलं काय कळतंय?"

मग पेंड परत गोणीत टाकून हात झटकले आणि म्हणाले, "चल, चहा घेऊ."